सात दिवस त्यांच्या घरी कोण होते?

लातूर येथील आमच्या धर्मग्रामात उपवासकाळातील दर शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर, दहा-बारा कुटुंबे एकत्र बसतात आणि पवित्र बायबलमधील एखादा ग्रंथ क्रमाने वाचतात. यंदा आम्ही ईयोबाचा ग्रंथ घेतला होता. दुसऱ्या अध्यायाचा शेवट वाचून झाला. ईयोबाची संपत्ती गेली, मुले गेली, अंगभर फोड उठले. तो राखेत बसला आहे आणि त्याचे तीन मित्र येऊन त्याच्यापाशी सात दिवस व सात रात्री एक शब्दही न बोलता बसून राहिले आहेत. मी काही भाष्य करणार, इतक्यात मागच्या रांगेतील एका भगिनींनी विचारले, "फादर, हे तिघं सात दिवस तिथं बसून राहिले, तर त्यांच्या घरचं कोण बघत होतं?"

सारे हसले. मीही हसलो आणि पुढच्या अध्यायाकडे वळलो. परंतु रात्री तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला आणि माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. सेमिनरीत या ग्रंथाचा अभ्यास करताना आम्ही दुःखाची समस्या, ग्रंथाचा रचनाकाळ, हिब्रू पाठातील अडचणी यांवर पानेच्या पाने लिहिली होती. दुःखिताच्या सोबतीला बसणाऱ्या माणसाचे काय होते, हे आम्हांला कुणी विचारले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. प्रस्तुत लेखात ईयोबाचा ग्रंथ त्या एका प्रश्नाच्या अनुरोधाने वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

पूज्य ग्रंथाकडे अशा घरगुती दृष्टीने पाहावे काय, अशी शंका कुणाच्या मनात येईल. मराठवाड्यातील वाचकाला तरी ती येऊ नये. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांनी आपल्या लेखनातून आणि गावोगावच्या व्याख्यानांतून या भागाला एक सवय लावली. ग्रंथ कितीही आदरणीय असो, त्याला प्रश्न विचारावा. मात्र उत्तर त्या ग्रंथातच शोधावे, आपल्या सोयीचे उत्तर त्याच्या तोंडी घालू नये. नांदेड जिल्ह्यात मी अकरा वर्षे सेवा केली. त्या काळात कुरुंदकरांची पुस्तके वाचताना बायबलही अधिक निर्भयपणे वाचता येते, हे मला उमगले.

ईयोबाच्या ग्रंथाची रचना वाचकांच्या परिचयाची आहे. बेचाळीस अध्यायांपैकी पहिले दोन आणि शेवटल्या अध्यायाचा उत्तरार्ध गद्यात आहे. मधला जवळजवळ सर्व भाग काव्यात आहे. या चौकटीविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मला जाणवलेली गोष्ट अगदी साधी आहे. या ग्रंथातील मैत्री गद्यात जगते आणि काव्यात मरते. गद्यात मित्र येतात, रडतात, वस्त्रे फाडतात, मस्तकावर धूळ उधळतात, जमिनीवर बसतात. काव्य सुरू होते आणि तेच मित्र वादी होऊन बोलू लागतात. त्यांची भाषा जसजशी सुंदर होत जाते, तसतसा ईयोब अधिकाधिक एकटा पडत जातो.

म्हणून या मित्रांची केवळ निंदा करणारे भाष्यकार मला अर्धेच न्यायी वाटतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन वेगवेगळ्या ठिकाणचे. त्यांनी आपापसांत ठरवले आणि ते मिळून आले. दुरून पाहिले तर ईयोब ओळखूसुद्धा आला नाही, आणि तरी ते माघारी वळले नाहीत. सात दिवसांचे सुतक पाळण्याची रीत यहुदी समाजात आजही आहे. आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. भावकीतील आणि शेजारपाजारचे लोक भाकरी-पिठले आणतात, आग्रह करकरून घरच्यांच्या तोंडी घास घालतात आणि त्याला 'कडू घास' म्हणतात. त्या घासाबरोबर कुणी तत्त्वज्ञान वाढत नाही. पहिल्या सात दिवसांत ईयोबाचे मित्र असेच वागले. सांत्वनाची याहून मोठी कृती बायबलच्या जुन्या करारात क्वचितच सापडेल.

मग बिघडले कोठे? तिसऱ्या अध्यायात ईयोब तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. येथवर मित्रांनी त्याचे दुःख पाहिले होते, आता ते त्यांना ऐकावे लागले. गप्प बसलेल्या दुःखिताजवळ बसणे एक वेळ सोपे असते. त्याच्या मुखातून निराशा बाहेर पडू लागली की ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन हलते. अलीफज प्रथम सौम्यपणे बोलतो, बोलण्याची जणू परवानगी मागतो आणि ईयोबाने पूर्वी कित्येकांचे दुबळे हात बळकट केले याची आठवणही देतो. तोच अलीफज बाविसाव्या अध्यायात त्याच मित्रावर उघड आरोप करतो : तू बांधवांचे गहाण दाबलेस, उघड्यांचे वस्त्र काढून घेतलेस, भुकेल्याला भाकरी नाकारलीस, विधवांना रिक्त हस्ताने घालवून दिलेस. यांतील एकाही आरोपाला पुरावा नाही. ममतेने निघालेला माणूस इतका कठोर का व्हावा?

याचे उत्तर ईयोबानेच सहाव्या अध्यायात देऊन ठेवले आहे. तो मित्रांची तुलना ओढ्याशी करतो : पावसाळ्यात दुथडी वाहणारा आणि तहानलेला तांडा उन्हाळ्यात आशेने जवळ येतो तेव्हा कोरडा पडलेला. मांजरा-तेरणेच्या काठच्या वाचकाला ही प्रतिमा समजावून सांगण्याचे कारण नाही. त्यापुढे तो मित्रांच्या वागण्याचे मर्मच सांगून टाकतो : माझी दशा तुम्ही पाहिलीत आणि तुम्ही भ्यालात. मूळ हिब्रूत 'पाहणे' आणि 'भिणे' या दोन्ही क्रियापदांचा ध्वनी जवळजवळ सारखाच असल्यामुळे हा घाव अधिकच वर्मी बसतो. मित्र भ्याले, कारण ईयोबासारख्या नीतिमान माणसावर हे येऊ शकत असेल, तर ते आपल्यावरही येऊ शकेल. या भीतीवर त्यांनी एक उपाय शोधला, तो म्हणजे सिद्धान्त. दुःख हे पापाचे फळ, ईयोब दुःखी, म्हणजे ईयोब पापी; आम्ही पापी नाही, म्हणजे आम्ही सुरक्षित. त्यांचे सारे धर्मशास्त्र हे अशा रीतीने स्वसंरक्षण आहे. ते ईयोबाला शिकवत आहेत असे दिसते. वस्तुतः ते स्वतःला धीर देत आहेत.

हे मी अधिकारवाणीने लिहितो, कारण हेच मी स्वतः केले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, त्या वर्षी मी सेमिनरीचा विद्यार्थी होतो. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. काही दिवसांनी आम्ही विद्यार्थी मदतकार्यासाठी गेलो. एका पडलेल्या घरासमोर एक वृद्धा बसली होती. मी तिच्याजवळ बसलो, आणि पाच मिनिटेही झाली नसतील तोच देव आपल्या लेकरांची परीक्षा कशी पाहतो, हे तिला सांगू लागलो. तिने सारे ऐकून घेतले आणि मग विचारले, "लेकरा, जेवलास का?" मी जेवलो नव्हतो. मदत म्हणून आलेल्या भाकरीतील अर्धी मोडून तिने माझ्या हातावर ठेवली. मला आज कळते की ते प्रवचन तिच्यासाठी नव्हतेच. त्या ढिगाऱ्यापुढे माझी श्रद्धा टिकेल की नाही या भीतीने मी मलाच ते ऐकवत होतो, आणि माझी भीती त्या निरक्षर बाईने ओळखली होती.

त्या भूकंपात घरे का पडली, हे नंतर अभियंत्यांनी समजावून सांगितले. आपल्याकडची जुनी घरे जाड दगडी भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद घातलेली. भिंत जाड म्हणून लोक निर्धास्त झोपत. पण ती भिंत एकसंध नव्हती. आतल्या अंगाचे दगड वेगळे, बाहेरच्या अंगाचे वेगळे, मध्ये चिपा आणि मातीचा भराव. दोन्ही अंगांना जोडणारा आरपार दगड नसल्यामुळे हादरा बसताच दोन्ही अंगे फाकली आणि माळवद खाली आले. म्हणून पुढे दुरुस्तीच्या कामात भिंतीत आरपार दगड बसवण्यावर भर देण्यात आला. अलीफजच्या सिद्धान्ताची भिंत अशीच होती. स्वतःचे रक्षण करण्याची त्याची इच्छा चुकीची नव्हती. भिंत कोणाला नको असते? मात्र त्याच्या अंगाला ईयोबाच्या अंगाशी जोडणारे त्या भिंतीत काही उरले नव्हते.

मित्रांच्या भाषणांविषयी आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. संवादाच्या तीन फेऱ्या आहेत. पहिल्या दोन फेऱ्यांत तिघेही आळीपाळीने बोलतात. तिसरी फेरी मात्र मोडते. बिल्ददचे भाषण अवघ्या सहा ओव्यांत संपते आणि सोफर बोलतच नाही. येथे हस्तलिखितांतील मजकूर विस्कळीत झाला असावा, असे अनेक अभ्यासक म्हणतात, आणि तसे असूही शकेल. परंतु जो पाठ आपल्या हाती आला आणि ख्रिस्तसभेने शतकानुशतके वाचला, त्यात आपल्याला तीन थकलेली माणसे दिसतात. त्यांचे शब्द संपले, माया तर आधीच आटली होती. या तिघांपैकी एकानेही, मी थकलो आहे, मला भीती वाटते, जरा घरी जाऊन येतो, असे म्हटले नाही. तसे म्हटले असते तर बाविसाव्या अध्यायातील आरोप कदाचित टळले असते. आपली दमछाक जो कबूल करत नाही, त्याची दमछाक दुसऱ्यावरील आरोपाच्या रूपाने बाहेर पडते. आजाऱ्याची सेवा केलेल्या प्रत्येक घराला हा अनुभव आहे.

आणि येथे ग्रंथातील एका मोठ्या उणिवेकडे वळावे लागते. ईयोबाच्या सर्वात जवळ कोण होते? त्याची पत्नी. दहा मुले ईयोबाची मेली, तशी तिचीही मेली. फोडांनी भरलेल्या नवऱ्याच्या उशापायथ्याशी तीच होती. ग्रंथकाराने तिच्या वाट्याला एकच वाक्य दिले आहे, तेही देवाला शाप देऊन मरून जा अशा अर्थाचे. शेवटल्या अध्यायात सारे परत मिळते तेव्हा तिचा उल्लेखही नाही. जुन्या भाष्यकारांनी त्या एका वाक्यावरून तिला दोषी ठरवले. संत ऑगस्टीन यांच्यासारख्या महापुरुषानेही तिला सैतानाची मदतनीस म्हटले. मला हा न्याय पटत नाही. विशेष म्हणजे जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनाही तो पटला नसावा, कारण ग्रीक पाठात तिचे बोलणे बरेच लांब आहे. त्यात ती सांगते की ती मोलमजुरी करत घरोघर, गावोगाव हिंडते आणि कष्टांतून सुटका व्हावी म्हणून सूर्य कधी मावळतो याची वाट पाहते. ही भर कोणी व का घातली असेल ते असो. ती घालणाऱ्याला आमच्या मागच्या रांगेतल्या भगिनींचा प्रश्न सुचला होता, एवढे खास. घर कोण बघत होते? ती बघत होती. आणि तिची निराशेची वाणी म्हणजे पाप नव्हे, तो एकटीने ओढलेल्या गाड्याचा करकराट होता.

ईयोबाच्या पत्नीला मिळाली नाही ती लेखणी आपल्या भाषेत लक्ष्मीबाई टिळकांना मिळाली. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' आपण प्रॉटेस्टंट बंधूंचा ग्रंथ म्हणून नव्हे, तर साऱ्या मराठी ख्रिस्ती समाजाचा ठेवा म्हणून वाचतो. रेव्हरंड टिळकांच्या औदार्याच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. त्यांच्या हाती पैसा ठरत नसे. कुणी गरजू दिसला की हाती असेल ते देऊन ते मोकळे होत. पोरक्या मुलांना आणि घरादाराला दुरावलेल्यांना त्यांचे दार उघडे असे. मनाने अतिशय हळवा असलेला तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, हाही नगरला त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. हे औदार्य खरे होतेच. परंतु 'स्मृतिचित्रे' लक्षपूर्वक वाचणाऱ्याला त्यामागे एक दुसरा हिशेब सतत चाललेला दिसतो : पीठ किती उरले, पानावर माणसे किती, उद्याचे काय? हा हिशेब लक्ष्मीबाईंचा आहे. टिळकांनी दिलेले त्या नाकारत नाहीत, मात्र ते कोणत्या डब्यातून गेले हे त्या विसरत नाहीत.

या ग्रंथातील विनोदाविषयी आपल्या समीक्षकांनी भरपूर लिहिले आहे. त्याला प्रसन्न, निर्मळ, निर्व्याज अशी विशेषणे लावली आहेत. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. माझ्या मते लक्ष्मीबाईंचा विनोद हे त्यांच्या आत्मरक्षणाचे साधन आहे. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढील सुमारे पाच वर्षे त्यांनी लहान मुलासह नातलगांच्या आश्रयाने काढली. त्या काळाचे वर्णन करतानाही त्या अधूनमधून हसतात. मात्र त्या हसण्याने त्या नवऱ्यापासून दूर होत नाहीत, आणि त्याच्या वेगात वाहूनही जात नाहीत. टिळक ख्रिस्ती झाले म्हणून लगेच त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत; पटले तेव्हा, १९०० साली, स्वतःच्या पायांनी त्यांनी तो उंबरठा ओलांडला. अलीफजने भीतीपोटी भिंत बांधली. लक्ष्मीबाईंनी घराला उंबरठा ठेवला. उंबरठ्यावरून माणूस आत येतो, बाहेर जातो, आणि घर कोठे सुरू होते हेही कळते. टिळकांच्या मागे त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे करण्याचे बळ त्यांच्यात उरले, याचे एक कारण मला येथे दिसते.

आता एक कबुली देणे भाग आहे, नाहीतर हा सारा लेख पुस्तकी होईल. नांदेड जिल्ह्यात असताना तेथील एक शिक्षक माझे मित्र झाले. शेती कोरडवाहू, दोन वर्षे सोयाबीन हातचे गेलेले, मुलीच्या शिक्षणाचे कर्ज आणि त्यातून आलेले खोल नैराश्य. ते रात्री फोन करत. "फादर, हे कुणाला बोलू नका," असे त्यांनी पहिल्याच भेटीत मला सांगितले आणि मी वचन दिले. हे बोलणे प्रायश्चित्त संस्कारात झालेले नव्हते. तेथील मौनाला अपवाद नाही, हे सर्वजण जाणतात. हे दोन मित्रांमधले बोलणे होते, आणि तरीही मी ते संस्काराच्या गुपितासारखे जपले. त्यात मला आपल्या मोठेपणाचा थोडा अभिमानही होता. आठ महिने असे गेले. माझी झोप उडाली, मिस्साबलिदानात मन लागेना, धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांवर मी विनाकारण खेकसू लागलो. अखेर एका रात्री फोन वाजला आणि मी तो उचलला नाही. त्या रात्री त्यांनी आपल्या जिवाचे बरेवाईट करण्याची तयारी केली होती. पत्नीला वेळीच जाग आली म्हणून ते वाचले. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या माउलीने मला एवढेच विचारले, "तुम्हांला ठाऊक होतं, फादर? मग मला का नाही सांगितलं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. फोन उचलला नाही ही त्या रात्रीची चूक होती. खरी चूक आठ महिने आधीची, मी एकट्याने पुरा पडेन असे मानल्याची होती. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्यानेच लोकांचे तंटे सोडवताना पाहतो आणि त्याला बजावतो की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. या वचनाचा दुसरा अर्धा भाग आपण ऐकत नाही. एकट्याने भार वाहणारा स्वतःचेच नुकसान करतो असे नाही. ज्याचा भार वाहतो त्याचेही करतो.

येथे श्रद्धावान वाचक अडेल. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, अशी प्रभूची शिकवण असताना स्वतःला जपण्याची भाषा ख्रिस्ती माणसाला शोभते काय? शंका रास्त आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'मध्ये प्रीतीच्या क्रमाचा विचार करताना तिचे उत्तर दिले आहे. देवानंतर माणसाने स्वतःच्या आत्म्यावर शेजाऱ्याहून अधिक प्रीती करावी, कारण शेजाऱ्यावरील प्रीतीचा नमुना तीच आहे. मित्रासाठी शरीराचे नुकसान मात्र सोसावे. म्हणजे देह झिजवण्याला ना नाही. मात्र ज्या झिजण्याने माणसाची ममताच आटते आणि तो चिडखोर, अहंकारी, कठोर होतो, ते झिजणे त्यागाच्या नावाखाली खपवता येत नाही. माझे आठ महिने या दुसऱ्या प्रकारचे होते.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, एकमेकांचे भार वाहा असे सांगून तीनच ओव्यांनंतर, प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा असे म्हटले आहे. वरवर हा विसंवाद वाटतो. मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. पहिला चिरडून टाकणाऱ्या वजनाचा, दुसरा ज्याच्या त्याच्या पाठीवरील गाठोड्याचा. मित्राचे चिरडणारे वजन उचलायला हात द्यावा. त्याचे गाठोडे काढून घेऊ नये आणि आपले रस्त्यात टाकून देऊ नये. चांगल्या शोमरोन्याची कथाही या दृष्टीने पुन्हा वाचावी. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर त्याला बसवले, सराईत नेले, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी सराईवाल्याच्या हाती दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, ठेवून तो पुढच्या प्रवासाला निघाला. परत येईन असे सांगून निघाला. प्रभूने त्याच्या निघून जाण्याला दोष दिलेला नाही. आणि गेथसेमनीत प्रभूने स्वतः तीन मित्रांकडे काय मागितले? एका तासाची जाग. ती त्यांना जमली नाही, तेव्हाही देहाच्या दुबळेपणाची त्याने दखल घेतली.

ईयोबाच्या ग्रंथाचे शेवटले पान मला आता वेगळे दिसते. त्या पानावर माझे आक्षेप आहेत. मेलेल्या दहा मुलांच्या जागी नवी दहा मुले आली म्हणजे हिशेब मिटला, असे किल्लारीतील कोणत्याही आईला सांगून पाहावे. परंतु त्याच पानावर एक ओवी आहे, तिच्याकडे भाष्यकार सहसा थांबत नाहीत. देव मित्रांवर रागावतो आणि त्यांना ईयोबाकडे धाडतो. ईयोब त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. ज्याचे सांत्वन करायचे तोच सांत्वन करू पाहणाऱ्यांना सावरतो. पडलेल्या घरासमोरच्या त्या वृद्धेने मला अर्धी भाकरी दिली होती, तसेच हे. त्यानंतर ईयोबाचे सारे भाऊ, साऱ्या बहिणी आणि पूर्वीचे ओळखीचे सारे लोक त्याच्या घरी येतात, त्याच्याबरोबर भाकरी खातात, त्याचे सांत्वन करतात, आणि प्रत्येकजण त्याला चांदीचे एक नाणे व सोन्याची एक अंगठी देतो.

प्रत्येकाकडून एक नाणे आणि एक अंगठी. तीन मित्रांनी सात दिवस अहोरात्र सर्वस्व दिले आणि ते रिते झाले. येथे पुष्कळांनी थोडे थोडे दिले आणि कुणीही रिते झाले नाही. हा तो कडू घासच आहे. स्वतःला जपायचे म्हणजे मित्रापासून दोन हात दूर सरकायचे, असे या ग्रंथाचे म्हणणे नाही. आपल्या शेजारी आणखी चार माणसांना बसायला जागा करायची, असे आहे. त्या शिक्षकांच्या बाबतीत पुढे हेच झाले. पत्नी, मेहुणे, शाळेचे मुख्याध्यापक, मानसोपचार करणारे डॉक्टर आणि मी, अशी वाटणी झाली. माझ्याकडे रविवारची संध्याकाळ आली. ते आजही शिकवत आहेत, आणि हा मजकूर त्यांच्या संमतीने लिहिला आहे. आपल्या काळातही सराईवाले आहेत. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मित्राने जिवाचे काही करून घेण्याची भाषा काढली, तर ती गोष्ट स्वतःपाशी कोंडून ठेवण्याचे वचन कुणीही देऊ नये. दिले असेल तर मोडावे.

पुढच्या शुक्रवारी मी त्या भगिनींना सांगितले की मित्रांच्या घरी सात दिवस कोण होते, ते ग्रंथात लिहिलेले नाही. आणि मग, फार उशिरा, मी त्यांना विचारले, "तुम्ही इथे येता तेव्हा घरी कोण असतं?" त्यांच्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. त्यांनी सांगितले की दहावीतली मुलगी आजीपाशी बसते, तिची परीक्षा तोंडावर आहे, आणि म्हणून त्या पुढच्या आठवड्यापासून येणार नव्हत्या. त्या दिवशी कुणी हसले नाही. उरलेले शुक्रवार तेथेच वाटून घेण्यात आले. पहिला शुक्रवार माझ्या वाट्याला आला. त्या संध्याकाळी वाचन माझ्यावाचूनच झाले.